चुकीची उत्तरं जमवणाऱ्या साळवेबाई

साळवेबाईंना बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाचं फारसं कौतुक नव्हतं. कुणी चटकन बरोबर सांगितलं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या आणि शेजारच्या माणसाकडे वळायच्या. पण एखाद्यानं ठासून चुकीचं उत्तर दिलं, की त्यांचा चेहरा असा खुलायचा, विचारू नका. "वा! हे मला सुचलंच नसतं!" असं म्हणून पर्समधून कागदाचा कपटा काढायच्या आणि ते उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत, जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. तो बिचारा आपण काहीतरी मोठं सांगितलं, अशा समजुतीत घरी जायचा.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हा बाई तिथे विज्ञान शिकवत होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलताना समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघायची सवय. नव्या माणसाला ती नजर झेपायची नाही. मला तर पहिला आठवडाभर वाटत होतं, की माझं काहीतरी चुकलंय आणि या बाईंना ते कळलंय.

शाळेबाहेरचा त्यांचा उद्योग मला हळूहळू समजला. पुण्यातली एक संस्था निरनिराळ्या ठिकाणच्या नोकरभरतीच्या परीक्षा घ्यायची. त्या परीक्षांसाठी चार पर्यायांचे प्रश्न बाई घरी बसून काढून द्यायच्या. रजिस्टर पोस्टानं विषयाचं पाकीट यायचं, रजिस्टर पोस्टानंच प्रश्न जायचे. तेव्हा हा प्रकार नवा होता. आम्हाला सवय निबंधाची, 'टिपा लिहा'ची, 'कारणे द्या'ची. खुणा करायचे प्रश्न म्हणजे आमच्या स्टाफरूमच्या मते निव्वळ पोरखेळ. मी तर तोंडावरच बोलून गेले, "त्यात काय काढायचंय बाई? एक बरोबर लिहायचं, तीन चूक लिहायची." माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

"काढ मग एक," बाई शांतपणे म्हणाल्या.

मी हां हां म्हणता काढला. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? कळसूबाई, एव्हरेस्ट, पर्वती, चामर लेणी. झालं! बाईंनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"पर्वती घातलीस?"

"चूकच पाहिजे होतं ना?"

"सुमन, परीक्षेला बसलेल्या मुलाला तू काय समजतेस गं? तो गावाकडून एसटीनं आलाय, आदल्या दिवशी नातेवाइकाच्या घरी जमिनीवर झोपलाय, नवीन पेन घेतलंय. आणि तू त्याच्यापुढे पर्वती ठेवतेस? तू त्याला हसतेस."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. पण संध्याकाळी त्या मला ओढत जुन्या एसटी स्टँडवर घेऊन गेल्या आणि माझा प्रश्न, पर्याय न सांगता, भेटेल त्याला विचारायला लावला. एका गृहस्थांनी ब्रह्मगिरी सांगितला. सटाण्याकडच्या एका माणसानं साल्हेर सांगितला, आणि वर "आम्ही चढेल शे ना" असा पुरावाही दिला. वणीच्या गाडीचा कंडक्टर तर आमच्यावर उखडलाच. "सप्तशृंगगड! ओ ताई, गडापेक्षा उंच काय असणार? विचारता काय!" मी हसायला लागले, तशी बाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

"हसू नकोस. लिहून घे. कळसूबाई, साल्हेर, ब्रह्मगिरी, सप्तशृंग. आता याला प्रश्न म्हणायचं. यातलं प्रत्येक उत्तर कुणाचं तरी खरं उत्तर आहे."

ही त्यांची रीत. चुकीचा पर्याय डोक्यातून काढायचा नाही, तो माणसांकडून आणायचा. त्यासाठी त्या कुणालाही सोडायच्या नाहीत. भाजीवाली, पोस्टमन, रेशनच्या रांगेतली माणसं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई. एकदा द्वारका चौकात टेम्पोवाल्याशी बोलत इतका वेळ उभ्या राहिल्या, की मागे गाड्यांची रांग लागली आणि पोलीस धावत आला. बाईंनी त्यालाही प्रश्न विचारला. तो गोंधळला आणि त्यानं उत्तर दिलं, तेही चुकीचं. बाई खूश.

त्यांचं घर नाशिकरोडला, एका साध्या कॉलनीत. दोन खोल्या, पुढे तगरीचं झाड, आत फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या आजूबाजूला नुसते कागद. साळवेसाहेब एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. पाळीची नोकरी. उंच, गरीब स्वभावाचा माणूस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दारातच मला सावध केलं. "आमच्याकडे चहा पाहिजे असेल तर चुकायला लागतं हं. मी लग्नाआधी हुशार होतो, आता चहासाठी सगळं विसरलो." बाई आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय मला." साहेब म्हणाले, "ऐकू यावं म्हणूनच बोललो."

बाईंचे नियम कडक. 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय दिसला की त्या म्हणायच्या, "कंटाळा आला होता वाटतं लिहिणाऱ्याला." बरोबर उत्तर बाकीच्यांपेक्षा लांब झालं की कात्री. प्रश्नात 'नाही' आला की पुन्हा लिही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की कुणी चुकीचं उत्तर दिलं की त्याला 'का?' विचारायचं. "चूक नुसती उचलून आणायची नाही. ती त्याच्या डोक्यात कुठून आली ते बघून यायचं," असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील.

त्यांच्या या 'वा!'पायी एकदा आमच्या मुख्याध्यापकांची मोठीच फजिती झाली. बाईंनी त्यांना विचारलं, की विजेचा दिवा फुटला की फट्ट आवाज का होतो? सर संस्कृतचे. पण मुख्याध्यापकानं 'माहीत नाही' म्हणायचं कसं? ते म्हणाले, "आत कोंडलेला वायू एकदम बाहेर पडतो ना, म्हणून." बाई म्हणाल्या, "वा सर! फारच छान!" सर इतके फुलले, की दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेला ते ज्ञान दिलं. नववीची एक आगाऊ मुलगी लगेच उठली आणि म्हणाली, "सर, आत वायू कमी असतो, बाहेरची हवा आत घुसते, म्हणून आवाज होतो. आम्हाला साळवेबाईंनीच शिकवलंय." अरे देवा! सर तरातरा स्टाफरूममध्ये आले. "बाई, तुम्ही 'वा' म्हणालात!"

"म्हणाले ना सर."

"मग?"

"वा म्हणाले. बरोबर कुठे म्हणाले?"

आम्ही सगळ्या वह्यांच्या गठ्ठ्यांमागे तोंडं लपवून बसलो होतो. सर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "बरं, दुसरा एखादा विचारा."

माझ्या लग्नाच्या वेळी तर या बाईंनी कमालच केली. आमचे एक लांबचे काका स्थळं आणायचे. त्यांनी एकदम चार फोटो आणून आईपुढे मांडले. एक मुलगा वयानं फारच मोठा, दुसरा परगावी जाऊन राहिलेला आणि कधी परत येईल ते ठाऊक नाही असा, तिसऱ्याला नोकरीच नाही, आणि चौथा अगदी व्यवस्थित. घरात सगळे म्हणाले, चौथा! बाई सहज म्हणून डोकावल्या होत्या. त्यांनी चारी फोटो हातात घेतले, माहिती ऐकली आणि म्हणाल्या, "काका, प्रश्न वाईट काढलाय."

"म्हणजे?"

"हे तिघं नुसते भरतीला आणलेत. उत्तर तुमचं आधीच ठरलेलं आहे. हिला निवडायला काय ठेवलंय तुम्ही?" काकांचा चेहरा पडला. मागून कळलं, की चौथा मुलगा त्यांच्या मेहुण्याचा. मी त्या चौघांनाही नकार दिला. आई महिनाभर बाईंच्या नावानं बोटं मोडत होती. पुढे मी माझं माझं ठरवलं आणि अजून तरी पस्तावलेले नाही, तेव्हा बाईंचे उपकारच म्हणायचे.

अशी सगळी मजा चाललेली. आता ती नागलीची, म्हणजे नाचणीची, गोष्ट सांगते. साळवेबाई म्हटलं की मला खऱ्या अर्थानं तीच आठवते.

एका वर्षी पावसाळ्यात आमच्या एका सहकारी शिक्षिकेच्या मुलाचं बारसं होतं. तिचं माहेर नाशिकजवळच्या डोंगरात, पेठला. बाई आणि मी एसटीनं निघालो. सावळघाट चढताना गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाला शिव्या घालत होता आणि आम्ही खिडकीतून बघत बसलो होतो. उतारावर पावसासाठी डोक्यावर इरली घेतलेल्या बायका वाकून रोपं लावत होत्या. मी आपली भूगोलाची शिक्षिका, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघा बाई, भाताची लावणी चाललीय."

मागच्या बाकावरचे म्हातारबुवा म्हणाले, "भात नाय ओ. नागली हाय ती."

"नागली पेरतात ना?" बाईंनी मान वळवून विचारलं.

"पेरत्यात, अन् मंग रोप उपटून लावत्यात. आवणी करत्यात तिची. भातावानीच."

बाई उठल्या, गाडीतून उतरल्या आणि त्या चिखलात तरातरा चालत त्या बायकांपाशी गेल्या. मी वरून हाका मारतेय, "अहो बाई, पाय घसरेल!" त्या वाकून बघत होत्या, काहीतरी विचारत होत्या. परत आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं माखलेली आणि हातात रोपांची एक जुडी. माझ्या शेजारी बसल्या.

"सुमन, मी एका मुलीचं बरोबर उत्तर चुकीत टाकलं."

मग मला सगळं कळलं. पुण्याच्या संस्थेनं डोंगराळ भागात शेतीच्या कामावर देखरेख करायला माणसं घ्यायची परीक्षा घेतली होती. त्यात बाईंचा एक प्रश्न होता. कोणत्या पिकाची आधी रोपं करून मग लावणी करतात? बाजरी, भात, मका, नागली. उत्तर, भात. हा प्रश्न त्यांनी आमच्याच शाळेत दहावीच्या वर्गाला विचारला होता. वसतिगृहात राहणारी यशोदा गावित नावाची पेठकडची मुलगी होती. कधी तोंड न उघडणारी. ती उठून म्हणाली, "नागली." बाईंनी नेहमीसारखं "वा!" म्हटलं, लिहून घेतलं, आणि तेवढ्यात घंटा झाली. 'का?' विचारायचं राहून गेलं.

"आयुष्यभर सगळ्यांना 'का' विचारत फिरले, आणि तिलाच नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "मी गृहीत धरलं गं. ती चुकणारच असं मी गृहीत धरलं."

परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता. चुकीच्या खुणेला गुण वजा व्हायचे. म्हणजे ज्या डोंगरातल्या पोरांनी जन्मभर नागली लावली, ती पोरं 'नागली'वर खूण करणार, गुण गमावणार, आणि त्यांच्याच गावांत देखरेखीला ज्यानं नागली कधी बघितली नाही असा कुणीतरी जाणार. बारशाला बाईंनी घुगऱ्या तोंडाला लावल्या नाहीत. बाळाला टोपडं दिलं आणि म्हणाल्या, "निकालाच्या आत मला पुण्याला जायचंय. तू येतेस?"

मी गेले. ती जुडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. संस्थेच्या परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणजे एक सभ्य, गोरेपान गृहस्थ. आम्हाला पाणी, चहा सगळं दिलं. बाईंनी ते फडकं त्यांच्या टेबलावर उघडलं. काचेवर चिखलाचं पाणी पसरलं.

"साहेब, हे काय आहे ओळखा. भात, नागली, वरई की नुसतं गवत?"

ते हसले. "बाई, मी सदाशिव पेठेतला. पण भात असावा."

"चूक," बाई म्हणाल्या. "पण चांगली चूक आहे. नागली आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "ठीक आहे. एवढं मनाला लावून घेऊ नका. तो प्रश्न आपण रद्द करू. कुणाला गुण नाहीत, कुणाचे वजा नाहीत. कुणाला काही कळायचंही कारण नाही. मग तर झालं?"

मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाच्या! मी उठायलाच लागले होते. बाई हलल्या नाहीत.

"नाही साहेब. रद्द नको. नागली बरोबर धरा."

"अहो, नुकसान तर कुणाचंच होत नाहीये!"

"होतंय. ज्याच्या घरी नागली लावतात म्हणून त्यानं नागली लिहिलं, आणि ज्यानं डोळे मिटून मका लिहिलं, ते दोघं रद्द केल्यावर सारखेच होतात. त्याला येत होतं साहेब. येत असलेलं पुसून टाकायचं नाही."

साहेबांचा आवाज जरा कडक झाला. दोन्ही उत्तरं धरायची तर सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा हातानं तपासाव्या लागतील, वर जाब द्यावा लागेल. त्यासाठी प्रश्न काढणाऱ्यानं स्वतःच्या सहीनं चूक लिहून द्यावी लागेल. "आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं उत्तर चुकलं, त्याला पुन्हा काम देत नाहीत. तुमच्यासारखे प्रश्न आम्हाला कुणी काढून देत नाही, बाई. मी मनापासून सांगतो. रद्द करू या."

मी बाईंकडे बघितलं. हे काम त्यांचा जीव होता. घरातले ते कागद, स्टँडवरची ती माणसं, तो 'वा!'. मला वाटलं, आता तरी मान हलवतील. बाईंनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "पेन देता का जरा? माझं लिहीत नाहीये."

परतीच्या गाडीत मी संतापले. नारायणगाव येईपर्यंत बडबडत होते. काय गरज होती? रद्द होत होता ना प्रश्न? सगळ्यांचं भलं होत होतं, तुमचंही! आता बसा हात चोळत! बाई बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वस्तीच्या शाळेत लहानपणी तपासनीस आले होते. त्यांनी विचारलं, घरात पाहुणे आले की कुठे बसतात? मी सांगितलं, चुलीपाशी. सगळे हसले. तपासनीस म्हणाले, दिवाणखान्यात बसतात. सुमन, आमचं घर एका खोलीचं. आमचे पाहुणे चुलीपाशीच बसायचे. मला येत होतं उत्तर. कुणी म्हटलं नाही की हेही बरोबर आहे. त्यांनी मग सगळ्यांना म्हटलं, जाऊ दे, सोडा हा प्रश्न."

मला एवढं रडू आलं, की मी पदर तोंडाशी धरला. बाईंनीच मला गोळी काढून दिली, श्रीखंडाची.

काही महिन्यांनी पुण्याहून चार ओळींचं पत्र आलं. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली होती. आभार मानले होते. त्यानंतर पाकीट आलं नाही. ना त्या वर्षी, ना पुढे कधी. साळवेसाहेब मला म्हणाले, "आता आमच्याकडे बरोबर बोललं तरी चहा मिळतो. काय मजा राहिली सांगा." आणि त्यांनी चष्मा पुसला. बाई शाळेत पूर्वीसारख्याच शिकवत होत्या. पण रस्त्यात कुणाला प्रश्न विचारताना मी त्यांना पाहिलं नाही. एका गोष्टीनं मात्र त्यांना चैन नव्हती. पुण्याला सांगून झालं, सहीनं लिहून देऊन झालं, यशोदेला सांगायचं राहिलं होतं. ती दहावीला नापास होऊन केव्हाच गावी परत गेली होती.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिचं गाव शोधून काढलं. तेव्हा माझ्या मिस्टरांच्या बदलीची ऑर्डर हातात आलेली होती. आम्ही विदर्भात गेलो, आणि मग बाईंची माझी भेट पत्रांतूनच. त्या गेल्याचं मला साहेबांच्या पत्रानं कळलं. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, पेठच्या पुढे एका डोंगराच्या उतारावर.

यशोदा आईबरोबर लावणी करत होती. आम्हाला बघून ती लाजली आणि चिखलाचे हात पाठीमागे लपवले. बाई बांधावर थांबल्याच नाहीत, चपला काढून सरळ शेतात उतरल्या.

"यशोदा, मी तुला वर्गात विचारलं होतं, कुठल्या पिकाची लावणी करतात. तू नागली म्हणालीस."

"मला नाय ध्यानात, बाई."

"मला आहे. तुझं उत्तर बरोबर होतं. मी ते चुकीचं समजले आणि मोठ्या परीक्षेच्या पेपरात चुकीचं म्हणून छापलं. तेच सांगायला आलेय. माझं चुकलं, बाळा."

यशोदा त्यांच्याकडे बघतच राहिली. नापास झालेली पोर. तिला काय वाटेल, म्हणून माझा जीव खालीवर होत होता. तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजळलं.

"छापलं?" ती म्हणाली. "मी बोललेलं छापलं? पेपरात?"

"हो गं, पण चुकीचं म्हणून..."

पण ते ऐकायला ती तिथे होती कुठे! ती वळून वरच्या बाजूला ओरडली, "आये! मी शाळेत बोललेलं बाईंनी पेपरात छापलंय! पुण्याच्या!"

तिची आई कमरेवर हात देऊन सरळ झाली. "काय छापलंय?"

"नागली लावत्यात म्हून!"

आई आमच्याकडे संशयानं बघत म्हणाली, "त्यात काय छापायचं? ते तर समद्यांनाच ठाव हाय."

बाई हसायला लागल्या. पोटरीपर्यंत चिखलात उभ्या राहून, डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत असताना, त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की मलाही हसू आवरेना. मग त्यांनी मनगटानं डोळे पुसले आणि त्या वर बघून म्हणाल्या, "नाही हो ताई. मला नव्हतं ठाऊक."